छऱ्याची बंदूक किती लांब मारते?

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेयेला, पैनगंगेच्या काठाने झरी जामणी तालुका पसरलेला आहे. नदीपलीकडे तेलंगण. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन या बाजूच्या कोणत्याही गावी तूर शेंगेला आली की रात्री शिवारात दिवे हलताना दिसतात. ती जागल असते. धुऱ्यावर मचाण, मचाणाखाली शेकोटी, हाताशी एखादा फुटका डबा वाजवायला. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर पीक लोळवून जातो, आणि त्या नासाडीपायी कर्जाचे गणित चुकलेला शेतकरी या भागात शोधावा लागत नाही.

अशा गावांत एखाद्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. बाराबोअरची एकनळी असेल, नाहीतर आज्याच्या वेळची ठासणीची, जिला कोणी भरमार म्हणतात. बंदुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हे किती लांब मारते जी?" आणि दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ: "अजून लांब मारावं म्हणून काही करता येते का?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर माणसांचा आणि जनावरांचा जीव अवलंबून आहे, म्हणून तो थोडा सावकाश सोडवू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की रायफल आणि छऱ्याची बंदूक या दोन निराळ्या वस्तू आहेत. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. त्यामुळे एकच गोळी भोवऱ्यासारखी गरगरत सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून एक गोळी नव्हे, तर छऱ्यांचा घोळका निघतो. नळीबाहेर पडताच घोळका फाकू लागतो. बी पेरणाऱ्याच्या मुठीतून दाणे सुटावेत तसाच हा प्रकार. तेव्हा "किती लांब मारते" याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. किती अंतरावर छरे किती दाट राहतात, हे विचारावे लागते.

'बाराबोअर' या शब्दाचा अर्थही पुष्कळांना ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोअरची नळी. तिचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. छऱ्यांचे नंबरही असेच वजनावर बांधलेले आहेत. इंग्रजी पद्धतीने एका औंसात एल.जी.चे ६ छरे, एस.जी.चे ८, ए.ए.ए.चे ३५, बी.बी.चे ७० आणि सहा नंबरचे २७०. म्हणजे सहा नंबरचा एक छरा जेमतेम दशांश ग्रॅमचा, तर एस.जी.चा साडेतीन ग्रॅमचा. पाखरांसाठी बारीक छरे, डुकरासारख्या जाड कातडीच्या जनावरासाठी एस.जी. किंवा एल.जी., हा जुना रिवाज आहे. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे ज्यांनी हाताळली असतील त्यांना ही नावे डब्यावर वाचलेली आठवतील.

आता फाकण्याकडे वळू. नळी शेवटपर्यंत सारख्या व्यासाची असेल, तर तिला सिलिंडर नळी म्हणतात. तोंडाजवळ ती किंचित आवळलेली असेल, तर त्या आवळण्याला चोक म्हणतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, ते डोळ्यांसमोर आणा. उपमा पुरती जुळत नाही, पण समजायला पुरे आहे. पूर्ण चोक म्हणजे काय, तर अवघा एक मिलिमीटर आवळ. अर्धा चोक म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे कोणालाही वाटेल. पण १८७५ साली लंडनच्या 'फील्ड' या नियतकालिकाने बंदुकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत चोक नळ्यांनी सिलिंडर नळ्यांना मागे टाकले आणि बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचे नाव गाजले.

मोजण्याची पद्धत तेव्हापासून आजवर जवळजवळ तीच आहे. चाळीस गजांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, चार फूट लांबरुंद कागद लावायचा. मध्यावर नेम धरून एक बार काढायचा. मग कागदावर छऱ्यांची जिथे सर्वांत दाटी असेल तिथे तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजायची. काडतुसातल्या एकूण छऱ्यांपैकी शेकडा किती आत आले, ती त्या बंदुकीची आणि त्या काडतुसाची जोडीने लायकी. सिलिंडर नळीचे शेकडा ४० आत येतात, अर्ध्या चोकचे ६०, पूर्ण चोकचे ७०. एका बारावर निकाल देऊ नये. निदान पाच-सहा कागद पाहून सरासरी काढावी, कारण दोन बार कधी सारखे पडत नाहीत. हा उद्योग परसात किंवा गावठाणात करण्याचा नव्हे, हे सांगायला नको. पोलीस ठाण्याला विचारून, अधिकृत चांदमारीच्या जागीच तो करता येतो.

छरे फाकतात का, हेही पाहिले पाहिजे. दारूचा स्फोट झाला की मागचे छरे पुढच्यांवर आदळतात. शिसे मऊ, म्हणून काही छरे चेपतात. जे चेपले ते वाऱ्यात वाकडे जातात. काही नळीच्या भिंतीला घासून सपाट होतात, तेही भरकटतात. घोळका दाट ठेवायचा तर छरे गोल राहिले पाहिजेत, एवढे साधे हे सूत्र आहे. म्हणून कारखाने शिशात थोडे अँटिमनी मिसळून छरे कडक करतात. दारू आणि छरे यांच्यामध्ये पूर्वी नुसता नमद्याचा डाट असे. आता प्लॅस्टिकची वाटी येते, तीत छरे बसतात आणि नळीला घासत नाहीत. मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांत मधल्या फटींत प्लॅस्टिकचा बारीक चुरा भरतात, की धक्क्याने ते एकमेकांवर चेपू नयेत. आणि गंमत अशी, की जास्त जोराचे काडतूस नेहमी जास्त दाट मारते असे नाही. धक्का जितका मोठा तितके छरे अधिक चेपतात, म्हणून मध्यम वेगाचे काडतूस पुष्कळदा अधिक दाट बसते. 'दारू जास्त, पल्ला जास्त' ही ठासणीच्या काळची समजूत दाटीच्या बाबतीत तरी उलटी पडते, आणि नळी फुटण्याचा धोका वेगळाच.

एस.जी. आणि पूर्ण चोक यांच्या जोडीबद्दल मात्र थोडी भूमिती करायला हवी. एस.जी.चा छरा सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा. असे तीन छरे एकमेकांना चिकटवून ठेवले, तर त्यांच्याभोवती जे वर्तुळ बसेल त्याचा व्यास एका छऱ्याच्या २.१५ पट, म्हणजे सुमारे १८.१ मिलिमीटर येतो. साडेअठराच्या नळीतून हे त्रिकूट सुखाने सरकते. पण पूर्ण चोकच्या तोंडाशी वाट साडेसतराचीच उरते. तिथे तिघे एकदम मावत नाहीत, चेपून-ढकलून बाहेर पडतात. म्हणून मोठ्या छऱ्यांना पूर्ण चोकपेक्षा अर्धा चोक पुष्कळदा अधिक मानवतो. ज्या शिक्षकांना वर्गात 'तीन समान स्पर्शवर्तुळे' शिकवावी लागतात, त्यांना हे उदाहरण फळ्यावर मांडता येईल.

काडतूस उघडून छऱ्यांवर मेण ओतायचे, किंवा काडतुसाचे कवच कापून ठेवायचे, म्हणजे सगळा ऐवज एका गोळ्यासारखा जातो, असे सांगणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. तो गोळा चोकपाशी अडकला तर नळी फुगते किंवा फाटते, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात त्याच नळीखाली असतो.

तर सुधारणा करता येतात. मग प्रश्न हा, की त्या सुधारणांनी पल्ला किती वाढतो? येथे आपण प्रत्यक्ष हिशेब करू, कारण बहुतेक बोलणी याच ठिकाणी हवेत विरतात.

सव्वा एक औंस नको, एक अष्टमांश कमी करून सव्वाआऐवजी १.१२५ औंसाचे काडतूस घेऊ. त्यात एस.जी.चे ९ छरे बसतात. डुकराचे मर्मस्थान, म्हणजे काळीज आणि फुप्फुसांचा भाग, आठ इंच व्यासाचे वर्तुळ धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. तीस इंचांच्या वर्तुळाचे सुमारे ७०७ चौरस इंच. म्हणजे मर्माचा वाटा चौदांत एक. नळी पूर्ण चोकची आहे, काडतूस तिला मानवते आहे, आणि चाळीस गजांवर शेकडा ७० छरे वर्तुळात येतात असे समजू. नवाचे शेकडा ७० म्हणजे सहा-सव्वासहा छरे. त्यांना चौदाने भागा. मर्मावर सरासरीने अर्धा छरासुद्धा पडत नाही! संभाव्यतेच्या भाषेत सांगायचे, तर नेम अगदी बरोबर असूनही तीन बारांतले जवळजवळ दोन असे जातील, की मर्मावर एकही छरा नाही. सिलिंडर नळी असेल, तर चारांतले तीन. मधोमध दाटी थोडी अधिक असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा किंचित बरा येईल, पण चित्र बदलत नाही. साठ गजांवर तर पूर्ण चोकचेही एक तृतीयांशाच्या आसपास छरेच वर्तुळात उरतात. मर्मासाठी मग काय राहिले?

मर्म चुकलेले छरे मात्र वाया जात नाहीत. जनावराचे अंग वर्तुळाचा मोठा भाग व्यापते. ते छरे पोटात, मांडीत, जबड्यात बसतात. डुक्कर पळते, तुरीत शिरते, आणि मग दोन-चार दिवसांनी मरते किंवा मरतही नाही.

शिक्षक मित्रांनी हा हिशेब बंदुकीशिवाय वर्गात करून दाखवावा. जमिनीवर खडूने तीस इंचांचे वर्तुळ काढा, आत आठ इंचांचे दुसरे. सहा चिंचोके हातात घेऊन वरून उधळा. मोठ्या वर्तुळाबाहेर गेलेले पुन्हा टाका. लहान वर्तुळात एकही पडला नाही असे किती वेळा झाले ते शंभर खेपा मोजा. चौसष्टच्या आसपास आकडा येईल. सातवीच्या मुलांना क्षेत्रफळ कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी तरी पडणार नाही.

वीस गजांवर चित्र पालटते. पूर्ण चोकचा घोळका तिथे सोळा इंचांच्या आसपास असतो. नऊच्या नऊ छरे त्यात धरले, तर मर्मावर दोन छरे सहज येतात. मचाण वाटेपासून पंधरा-वीस गजांवर बांधण्याची जुन्या जाणत्यांची पद्धत होती. त्यांनी क्षेत्रफळे काढली नसतील, पण उत्तर त्यांना माहीत होते. लांब मारायची युक्ती शोधण्यापेक्षा जनावर जवळ येईल अशी जागा शोधणे, हा त्या प्रश्नाचा खरा उलगडा आहे.

दुसरी एक गोष्ट, जी मचाणावर बसणाऱ्याला दिसत नाही. चाळीस गजांवर छरा निकामी होतो, असे नव्हे. तो फक्त विरळ होतो. झुर्ने नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याचा एक नियम प्रसिद्ध आहे: छऱ्याचा व्यास इंचांत घ्या, २२०० ने गुणा, म्हणजे तो जास्तीत जास्त किती गज जाऊन पडेल ते कळते. सहा नंबरचा बारीक छरा सव्वादोनशे गज. एस.जी.चा सव्वासातशे गज! म्हणजे तुमचा धुरा, शेजाऱ्याचे वावर आणि त्यापलीकडची जागल या सगळ्यांच्या पार. अंधारात हालचाल दिसली म्हणून काढलेल्या बाराने माणूस जखमी झाल्याच्या, मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पलीकडच्या मचाणावर कोण बसले आहे हे माहीत असल्याशिवाय चापावर बोट ठेवू नये.

लांबच्या पल्ल्याचा हा सगळा शोध सध्या जोरात चालतो तो अमेरिकेत. तिथे कोयोट नावाचे, लांडग्यापेक्षा लहान पण कोल्ह्यापेक्षा मोठे, मेंढ्या मारणारे जनावर आहे, आणि बहुतेक राज्यांत त्याची शिकार कायद्याला मान्य आहे. तिथल्या लोकांनी टंग्स्टनच्या मिश्रधातूचे छरे काढले. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, तर हे छरे १८ पटीपर्यंत. त्यामुळे लहान छऱ्यातही पुरेसे वजन राहते, एका काडतुसात छऱ्यांची संख्या वाढते, आणि दाटी टिकते. कडकपणामुळे चेपत तर नाहीतच. किंमत अर्थातच भलतीच. एवढे सारे करूनही तिथला शिकारी साठ-सत्तर गजांपलीकडची भाषा सहसा करीत नाही, आणि कोयोट असतो अवघा दहा-पंधरा किलोंचा.

आपल्याकडे मांसभक्षक म्हटला की वाघ आणि बिबट्या. येथे छऱ्याच्या बंदुकीचा संबंधच संपतो, आणि तो दोन कारणांनी.

एक कारण कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ-बिबट्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. त्यांची शिकार केली तर तीन ते सात वर्षे कैद. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला वाघ मारण्याचा हुकूम राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, तोही लेखी, आणि जिवंत पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावर. अंगावर आलेल्या जनावरापासून प्रामाणिकपणे जीव वाचवताना ते मेले किंवा जखमी झाले तर तो गुन्हा नाही, हेही कायदा सांगतो. पण मग मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते, आणि कळवावे लागते. रानडुक्करही याच कायद्याखाली येते. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती परवानगी वनखात्याकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. कागद काय लागतात, अटी काय आहेत, ते वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारून घ्यावे, चावडीवरच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दुसरे कारण जखमी जनावराचे. कुमाऊँत १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून चारशेंहून अधिक बळी तिच्या नावावर होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले निघाले. जुन्या बंदुकीच्या जखमेने तिला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेट यांनी आपल्या १९४४ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. नरभक्षक होण्याच्या कारणांत त्यांनी जखमेला पहिले स्थान दिले, आणि त्या जखमांपैकी कित्येक कोणाच्या तरी बेफिकीर बाराच्या होत्या. कोणी तरी लांबून बार काढला, 'लागला, लागला' म्हणत घरी गेला, आणि हिशेब दुसऱ्याच गावाने चुकता केला.

ही गोष्ट झरी जामणीला दूरची नाही. शेजारचे टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे, आणि तिथले तरुण वाघ जागा शोधत बाहेर पडतात. २०१९ साली तिथून निघालेला एक पट्टेवाला तरुण वाघ शेताशेतांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेकडो गावांची शिवारे त्याने ओलांडली असतील. मुकुटबनच्या जंगलातही वाघ आहेत. एप्रिल २०२१ मध्ये तिथे एक गर्भार वाघीण गुहेत कोंडून मारली गेली आणि तिचे पंजे कापून नेले गेले, ही बातमी तालुक्यातले लोक विसरलेले नाहीत. म्हणजे रात्री तुरीत जे हलते ते डुक्करच असेल, असे या भागात कोणी छातीठोकपणे सांगू नये. डुकराच्या मागावर वाघ असतोच.

राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूला १३ माणसांचे बळी गेल्यावर टी-१ वाघिणीच्या बाबतीत सर्व यंत्रणा उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. आधी बेशुद्धीचा डार्ट लागला होता की नाही, यावर पुढे चौकशा आणि वाद झाले. एवढी माणसे, एवढी साधने असूनही रात्रीच्या एका बाराबद्दल इतके प्रश्न उरतात, तर मचाणावरच्या एकट्या माणसाने अंधारात किती नेम धरावा?

पीक वाचवण्याचे बाकीचे मार्ग रेडिओवर वेळोवेळी सांगितले जातात, म्हणून त्यांत शिरत नाही. सौर कुंपणाला वनखात्याच्या योजनेतून अनुदान मिळते, नुकसानीची भरपाईही मागता येते. पंचनाम्यासाठी अर्ज मात्र वेळेत गेला पाहिजे. कुंपणात घरची वीज सोडण्याचा प्रकार बंदुकीपेक्षाही वाईट. त्यात डुकरापेक्षा माणसे आणि गुरेच आधी सापडतात.

आणि परवानगीने काढलेल्या बाराने जनावर जखमी होऊन निसटलेच, तर रक्ताच्या मागावर रात्री जाऊ नये. जखमी डुक्कर उलटून येते आणि त्याचे सुळे मांडी फाडतात. जागा खुणेने लक्षात ठेवावी, पलीकडच्या जागल्याला हाक देऊन सावध करावे, आणि वनखात्याला कळवावे. १९२६ हा वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. तो मचाणाच्या खांबावर कोळशाने लिहून ठेवला तरी चालेल.